युरोपला जायचंय, शेंगेन व्हिसा काढायचाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या सुट्टीची आखणी सुरू झाली की हे प्रश्न यायला लागतात. इथली उत्तरं भारतीय पासपोर्टवर, फिरायला किंवा नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांसाठी आहेत. नोकरी, शिक्षण किंवा कायम राहायला जाणाऱ्यांचा व्हिसा वेगळा, त्याचे कागदही वेगळे. तो विषय इथे नाही. फी आणि कागदांच्या याद्या बदलतात, त्यामुळे अर्ज भराल त्या दिवशी संबंधित देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर जी यादी असेल तीच प्रमाण धरा.

१. शेंगेन व्हिसावर नक्की किती देश फिरता येतात? लंडन त्यात येतं का?

२९ देश. शेंगेन म्हणजे आपापसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट. लंडन येत नाही. ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो, आयर्लंडचाही. इथे घोळ होतो तो ‘युरोपीय संघ’ आणि ‘शेंगेन’ एकच समजल्यामुळे. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, तर रोमानिया आणि बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. जुन्या ब्लॉगवर २६ देश लिहिलेले दिसले तर ते २०२३ च्या आधीचं आहे.

२. आम्ही फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली करणार आहोत. अर्ज कुणाकडे करायचा?

जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील, तर ज्या देशात पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे. म्हणजे पॅरिसला ३ रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ४ आणि रोमला ३ असतील, तर विमान पॅरिसला उतरत असलं तरी अर्ज स्वित्झर्लंडकडे.

‘ज्या देशाची अपॉइंटमेंट मिळतेय तिथे टाकून देऊ’ हा सल्ला एजंटकडून हमखास मिळतो. त्यासाठी एक खोटा कार्यक्रम कागदावर बनवला जातो आणि प्रत्यक्षात सहल दुसरीकडेच होते. विमानतळावर अधिकाऱ्याने हॉटेलची बुकिंग्ज मागितली की उत्तर द्यायला एजंट तिथे नसतो. अपॉइंटमेंट मिळत नसेल तर सहलीचाच क्रम खरोखर बदला, एखाद्या देशात दोन रात्री वाढवा. ते पूर्णपणे नियमात बसतं.

३. किती दिवस आधी अर्ज करावा?

प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत व्हायला हवा, पण प्रकरण तपासायला घेतलं तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतं. मे-जूनची सहल असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंटच्या मागे लागा. खरा वेळ तिथे जातो. अर्ज दिल्यापासून पासपोर्ट त्यांच्याकडे राहतो, त्यामुळे मधल्या काळात दुबई किंवा थायलंडचा बेत ठेवू नका.

४. एकूण खर्च किती येतो? व्हिसा केंद्रातलं ‘प्रीमियम लाउंज’ घेतलं तर व्हिसा लवकर मिळतो का?

११ जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे. ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांची ४५ युरो आणि ६ वर्षांखालच्यांना फी नाही. रक्कम रुपयांत भरायची असते. तिच्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

बाकी कुरिअर, एसएमएस, झेरॉक्स, लाउंज हे सगळं ऐच्छिक आहे. केंद्र चालवणाऱ्या कंपन्या कागद आणि ठसे घेऊन पुढे पाठवतात. निर्णय वकिलातीत होतो. सोफ्यावर बसून अर्ज दिला म्हणून तिथे काही फरक पडत नाही. आजी-आजोबांना रांगेत उभं राहणं झेपत नसेल तर मात्र घ्या, पैसे वाया जात नाहीत.

५. पासपोर्टची मुदत किती शिल्लक हवी?

शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान ३ महिने. शिवाय पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला हवा आणि त्यात निदान दोन कोरी पानं हवीत. मुदत वर्ष-दीड वर्षच उरली असेल, तर आधी पासपोर्ट नवा करून घ्या असंच मी सांगेन. त्याचं कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

६. पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. काय करू?

हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत जास्त येतो, कारण आपली नावाची पद्धतच तशी आहे. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात: ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’. मधलं नाव कुणाच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये पहिल्या नावाला जोडून आलेलं असतं, कुणाच्या पासपोर्टवर नसतंच.

नियम सोपा ठेवा. विमानाचं तिकीट, इन्शुरन्स, हॉटेल आणि व्हिसाचा अर्ज, या चारही ठिकाणी पासपोर्टवर आहे तसंच नाव, तेच स्पेलिंग. मधलं नाव पासपोर्टवर असेल तर अर्जातही येऊ द्या. लग्नानंतर नाव बदललं नसेल तर केवळ युरोपला जायचं म्हणून बदलायची गरज नाही. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर व्हिसा मिळतो. खर्च नवरा करणार असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. बँक आणि आयटीआरवर (आयकर विवरणपत्रावर) वेगळं नाव असेल तर त्या दाखल्यासोबत ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र नोटरी करून लावा. नाव राजपत्रात बदललं असेल तर ते पान जोडा.

अर्ज द्यायला जाण्यापूर्वी सगळे कागद टेबलावर मांडून एक-एक अक्षर बोट ठेवून वाचा. पासपोर्टवर ‘कुळकर्णी’ आणि सॅलरी स्लिपवर ‘कुलकर्णी’ असला फरक घरच्यांच्या डोळ्यांना दिसतच नाही.

७. बँकेत किती पैसे दाखवावे लागतात?

सगळ्या देशांना चालेल असा एकच आकडा नाही. आणि आकड्यापेक्षा अधिकारी स्टेटमेंट कसं वाचतो ते समजून घेणं जास्त उपयोगाचं आहे. त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: खर्च कोण करणार, कशासाठी जाताय, आणि परत का याल. प्रत्येक कागद यांपैकी कशाचं तरी उत्तर देतो. उत्तरं एकमेकांशी जुळली की काम झालं.

एक नमुना पाहा. पगार महिना ५५,००० रुपये. खात्यात महिनाअखेर पाच-दहा हजार उरतात. अर्जाच्या १२ दिवस आधी एकदम ४ लाख जमा. पैसे खरे असतील, पण कागद सांगतो की उसने आणलेत. हेच ४ लाख मुदत ठेव मोडून आले असतील तर ठेव मोडल्याची पावती जोडा. वडिलांनी दिले असतील तर त्यांचं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट जोडा. कव्हर लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या पत्रात, एका ओळीत ते सांगून टाका. लपवाल ती गोष्टच शंकेची ठरते.

स्टेटमेंट साधारण शेवटच्या ३ महिन्यांचं, काही देश ६ महिन्यांचं मागतात. नेट बँकिंगची प्रिंट आणून भागवू नका. शाखेत जाऊन शिक्का आणि सही घ्या. नोकरदारांनी सॅलरी स्लिप, आयटीआर आणि कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र जोडावं. त्या पत्रात कामावर परत रुजू होण्याची तारीख लिहून घ्या.

८. मी नोकरी करत नाही. शेती आहे / निवृत्त आहे / गृहिणी आहे. उत्पन्न कसं दाखवू?

शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, सोबत त्यांचं इंग्रजी भाषांतर. साखर कारखान्याची बिलं, बाजार समितीच्या पट्ट्या आणि ते पैसे खात्यात आल्याच्या नोंदी हा फार भक्कम पुरावा असतो, पण लोक तो घरीच ठेवतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून आयटीआर नसेल, तर कव्हर लेटरमध्ये तसं स्पष्ट लिहा. तिकडच्या अधिकाऱ्याला ही गोष्ट माहीत असेलच असं धरून चालू नका. जमीन आपल्या नावावर असणं हे ‘परत का येणार’ या प्रश्नाचंही उत्तर आहे.

निवृत्तांनी पेन्शन मंजुरीचा आदेश, पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट आणि ठेवींच्या पावत्या द्याव्यात. दुकानदारांनी गुमास्ता परवाना, जीएसटी नोंदणी आणि व्यवसायाच्या खात्याचं स्टेटमेंट. गृहिणींनी नवऱ्याचं किंवा मुलाचं खर्च उचलत असल्याचं पत्र आणि नातं दाखवणारा दाखला जोडला की पुरतं. स्वतःच्या नावे बचत खातं असेल तर तेही द्या.

९. व्हिसा मिळायच्या आधी विमानाचं तिकीट काढू का? ‘डमी तिकीट’ चालतं का?

अर्जाला परतीच्या प्रवासाचं आरक्षण लागतं. पूर्ण पैसे भरलेलं तिकीट सहसा लागत नाही. विमान कंपनीकडून किंवा ट्रॅव्हल एजंटकडून काही दिवस धरून ठेवलेलं खरं आरक्षण चालतं. कॉम्प्युटरवर बनवलेलं बनावट तिकीट चालत नाही. त्यावरचा आरक्षण क्रमांक तपासायला एक मिनिटही लागत नाही.

हॉटेलचं तसंच. फुकट रद्द करता येणारं बुकिंग करण्यात गैर काही नाही. पण व्हिसा हातात पडला की सगळं रद्द करून भलत्याच देशात दिवस काढायचे, हे उघड झालं तर व्हिसा रद्दही होऊ शकतो.

१०. ट्रॅव्हल इन्शुरन्स कोणता घ्यायचा?

किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत लागू, आणि रुग्णाला किंवा पार्थिवाला मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला. राहण्याचे सगळे दिवस त्यात यायला हवेत. भारतीय कंपन्यांच्या पॉलिसीवर ‘शेंगेन’ असं छापलेलं असतं. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल, तर सर्वांत स्वस्त पॉलिसी न घेता आधीपासूनच्या आजारांबद्दलचं कलम वाचून घ्या. व्हिसासाठी कुठलीही चालेल, तिथे दवाखान्यात जायची वेळ आली तर नाही.

११. टूर कंपनीबरोबर चाललोय. तरी मला स्वतः जावं लागेल का?

बोटांचे ठसे द्यायला जावंच लागेल. ठसे ५९ महिने चालतात. या काळात आधीच्या शेंगेन व्हिसासाठी दिलेले असतील तर बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. अपॉइंटमेंटच्या आधी लग्नकार्य असेल तर बोटांच्या टोकांवर मेंदी काढू नका, मशीनला ठसा उमटत नाही.

आणि कंपनीने भरलेला अर्ज सही करण्यापूर्वी वाचा. त्यातल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

१२. मुलगा जर्मनीत असतो. आम्हा दोघांना बोलावतोय. त्याने काय पाठवायचं?

खर्च तो करणार असेल तर त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन अधिकृत हमीपत्र करून घ्यायचं. आपले लोक त्याला ‘ऑब्लिगेशन लेटर’ म्हणतात. त्याची मूळ प्रत तुमच्याकडे यायला हवी. खर्च तुम्हीच करणार असाल तर साधं निमंत्रणपत्र, त्याच्या पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत आणि तुमचे स्वतःचे आर्थिक कागद पुरतात. फ्रान्समध्ये असं निमंत्रण महापौर कार्यालयातून घ्यावं लागतं, नेदरलँड्सचा स्वतःचा ठरावीक फॉर्म आहे.

मुलाचं हमीपत्र आलं म्हणून इथले कागद देऊ नयेत असं नाही. घर, पेन्शन, इथे असलेली दुसरी मुलं आणि नातवंडं यांचे पुरावे द्याच. वयस्कर आईवडिलांच्या अर्जात ते परत येतील ना, हीच शंका सर्वांत मोठी असते.

१३. मुलीला घेऊन मी एकटीच जातेय. नवऱ्याची परवानगी लागते का?

लागते. मूल अज्ञान असेल तर न येणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि त्याच्या पासपोर्टची किंवा ओळखपत्राची प्रत. अर्जावर सामान्यतः दोघांच्याही सह्या मागतात. घटस्फोट झाला असेल तर मुलाचा ताबा कुणाकडे हे सांगणारा न्यायालयाचा आदेश, पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. मराठीत असलेले कागद इंग्रजी भाषांतरासह द्या. मूळ संमतीपत्राची एक प्रत प्रवासात हँडबॅगेतही ठेवा.

१४. व्हिसा आला. स्टिकरवर ५ मे ते ३ जून आहे, पण खाली १५ दिवस लिहिलंय. मग किती दिवस राहू?

१५ दिवस. ‘फ्रॉम’ आणि ‘अंटिल’ या तारखा म्हणजे व्हिसा वापरायची चौकट. त्या चौकटीत प्रत्यक्ष राहता येतं ‘ड्युरेशन ऑफ स्टे’समोरच्या आकड्याइतकंच. विमान उशिरा आलं, तारीख पुढे गेली तर अडचण होऊ नये म्हणून चौकट मोठी देतात. आत गेल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात.

मग ‘नंबर ऑफ एन्ट्रीज’ बघा. ०१ असेल तर एकदाच आत. पॅरिसहून युरोस्टार रेल्वेने लंडनला गेलात की शेंगेन सोडलंत. परत ॲमस्टरडॅमला येता येणार नाही. असा बेत असेल तर अर्जातच एकाहून जास्त प्रवेश मागा आणि ब्रिटनचा व्हिसा जोडा. पाकीट फोडल्यावर तिथेच नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा ताडून घ्या.

१५. पाच वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा कुणाला मिळतो?

१८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नवे नियम मंजूर केले. गेल्या ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील तर २ वर्षांचा, आणि त्यानंतर साधारणपणे ५ वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा मिळू शकतो. अट अशी, की पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी. प्रश्न ५ मध्ये पासपोर्ट आधी नवा करा म्हटलं ते यासाठी. जुना पासपोर्ट टाकू नका, आधीचे व्हिसा वापरल्याचा पुरावा त्यातच असतो.

१६. व्हिसा पाच वर्षांचा आहे, मग मुलाकडे सहा महिने राहू शकतो ना?

नाही. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, ही मर्यादा पाच वर्षांच्या व्हिसालाही लागू आहे. हिशेब कॅलेंडरच्या सहामाहीचा नसतो. आत असलेल्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे आणि त्यात आत काढलेले दिवस ९० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत.

समजा १ एप्रिलला गेलात आणि २९ जूनला निघालात. ९० दिवस संपले. आता २८ सप्टेंबर उजाडेपर्यंत आत जाता येणार नाही. त्या दिवशी १ एप्रिलचा दिवस हिशेबातून गळतो, २९ सप्टेंबरला २ एप्रिलचा, असं पुढे. मुलाचं घर जर्मनीत आणि मुलीचं नेदरलँड्समध्ये असलं तरी दोन्हीकडचे दिवस एकत्रच धरतात. आकडेमोडीसाठी युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर कॅल्क्युलेटर आहे.

१७. व्हिसा नाकारला. आता काय? हे पुढे कायम मागे लागतं का?

नकारासोबत छापील फॉर्म येतो, त्यात कारणांपुढे खूण केलेली असते. ‘प्रवासाचा हेतू आणि अटी स्पष्ट नाहीत’ अशी खूण असेल तर कार्यक्रम, बुकिंग किंवा निमंत्रण कमजोर होतं. ‘परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका’ असेल तर नोकरी, मालमत्ता, कुटुंब यांचे कागद तोकडे होते. तेच कागद घेऊन दुसऱ्या देशाच्या दारात जाऊ नका. नकाराची नोंद सगळ्या शेंगेन देशांच्या सामायिक यंत्रणेत ५ वर्षं राहते.

दाद मागण्याचा हक्क आहे आणि मुदत त्या फॉर्मवरच लिहिलेली असते. पण पद्धत प्रत्येक देशाची वेगळी. जर्मनीने वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता एक तर न्यायालय, नाही तर नवा अर्ज. पर्यटकाने कमतरता भरून नवा अर्ज करणंच शहाणपणाचं. नंतर अमेरिका किंवा ब्रिटनच्या फॉर्मवर आधीच्या नकाराबद्दल विचारलं तर खरं सांगा. नकारापेक्षा तो लपवणं महागात पडतं.

१८. अमेरिकेला जाताना फ्रँकफर्टला विमान बदलायचंय. शेंगेन व्हिसा लागतो का?

विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलणार असाल आणि हातात वैध अमेरिकन व्हिसा असेल, तर लागत नाही. तसा व्हिसा नसेल तर काही देश भारतीयांकडून विमानतळ ट्रान्झिट व्हिसा मागतात. हे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी तपासा.

फसगत होते ती दोन ठिकाणी. मुंबई–म्युनिक–लिस्बन–बोस्टन अशा तिकिटात म्युनिक ते लिस्बन हा शेंगेनमधला अंतर्गत प्रवास आहे, त्यासाठी पूर्ण व्हिसा लागतो. आणि दोन वेगवेगळी तिकिटं काढून सामान बाहेर येऊन घ्यायचं असेल तरीही लागतो.

१९. आम्ही गोव्याचे. नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, माझा भारतीय. मला व्हिसा लागेल?

लागेल. मात्र नवऱ्याबरोबर पोर्तुगाल सोडून युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात, उदाहरणार्थ फ्रान्सला जात असाल, तर संघाच्या नागरिकाची कुटुंबीय म्हणून अर्ज करा. त्याला फी नाही आणि प्रश्न ७ मधले आर्थिक कागदही मागत नाहीत. लग्नाचा दाखला, नवऱ्याचा पासपोर्ट आणि दोघं एकत्र जात असल्याचा पुरावा हवा. फक्त पोर्तुगालला जायचं असेल तर ही सवलत गृहीत धरू नका.

नवऱ्याने भारतीय पासपोर्ट परत केला नसेल तर ते आधी उरका. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि परदेशी नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट जवळ ठेवता येत नाही.

२०. ईईएस आणि एटियास काय आहे? त्यासाठी वेगळे पैसे भरायचे का?

ईईएस म्हणजे पासपोर्टवरच्या शिक्क्यांऐवजी प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. सीमेवर फोटो काढतात, फी नाही. प्रश्न १६ मधले दिवस आता यंत्रच मोजतं, त्यामुळे ‘शिक्का पुसट होता’ वगैरे सबबी संपल्या. एटियास ही प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायची परवानगी, ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहे. व्हिसावर जाणाऱ्या भारतीयांचा त्याच्याशी संबंध नाही. कुणी ‘भारतीयांसाठी एटियास’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

२१. तिकडे पासपोर्ट हरवला तर?

आधी स्थानिक पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत. मग जवळच्या भारतीय वकिलातीत. लगेच परतायचं असेल तर ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मिळतं, पण त्यावर फक्त भारतात परत येता येतं. उरलेले देश फिरता येत नाहीत. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची आणि व्हिसाची प्रत आणि दोन फोटो वेगळ्या बॅगेत ठेवा, शिवाय घरी कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. नवरा-बायकोने एकमेकांच्या प्रती जवळ बाळगाव्यात. दोघांचेही पासपोर्ट एकाच पर्समध्ये ठेवू नका.